यादीतली ‘बाभूळ’ नेमकी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या याद्या निघतात. त्यांत नुसते ‘बाभूळ’ लिहिलेले असते आणि रोपवाटिकेतून हाती येते ती बरेचदा ऑस्ट्रेलियन बाभूळ. तिला काटा नसतो, पाने कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी. खरे तर ती पाने नव्हेतच, चपटे झालेले देठ आहेत. रोप अगदी कोवळे असताना मात्र पहिली पाने आपल्या बाभळीसारखी बारीक दलांची येतात, तिथेच गिऱ्हाईक फसते.

देशी बाभळीचे काटे पांढरे, सरळ, जोडीने. फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल. शेंगेवर राखी लव आणि दर दोन बियांमध्ये आवळल्यामुळे ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. फुलाचा लांब तुरा आणि शेंग गुळगुळीत, पिवळसर असेल तर ती विलायती बाभूळ. काटे असले तरी ती घेऊ नये, एकदा बांधावर आली की निघत नाही.

नावाचीही गंमत झाली आहे. ‘अ‍ॅकेशिया’ हे शास्त्रीय नाव मुळात नाईलकाठच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्याच जातीच्या झाडावरून आले. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेले आणि आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली. त्यामुळे यादीत अ‍ॅकेशिया लिहूनही उलगडा होत नाही. ‘देशी बाभूळ, काटेरी’ असेच लिहायला हवे.

काळी जमीन, ओढ्याकाठ, पाणी तुंबणारी चोपण जमीन यांत बाभूळ लावावी. मुरमाड माळावर हिवर बरा, त्याची साल पांढुरकी असते. कोकणात जांभ्यावर दोन्हींचा हट्ट नको, तिथे खैर आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीने गोव्यातले खाणींचे ढिगारे हिरवे केले हे मान्य, पण तिचा पाला लवकर कुजत नाही, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि वाऱ्यात फांद्या मोडतात.

शेंगा उन्हाळ्यात वाळल्या की बी काढावे. भोक पडलेले बी भुंग्याने खाल्लेले असते. पाण्यात तरंगेल ते टाकून द्यावे. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, दोन-तीन मिनिटांनी त्यात बी सोडावे आणि २४ तास तसेच ठेवावे. चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकले तर बी मरते, गार पाण्यात भिजवले तर टणक सालीतून पाणी आत जात नाही. फुगलेले बी लगेच लावावे, उरलेल्याला पुन्हा गरम पाणी द्यावे. मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्यांतून वेचलेले बी चांगले उगवते.

पिशवी किमान ९ इंच खोल हवी. दोन बिया, एक सेंटिमीटर खोल, पूर्ण उन्हात. पंधरा दिवसांनी एकदा पिशव्या जागच्या हलवाव्यात, नाहीतर सोटमूळ खाली जमिनीत घुसते आणि उचलताना तुटते. वर्षाचे जुने रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. पिशवीत मूळ गुंडाळलेले असते, झाड वाढते आणि वादळात कलते. त्यापेक्षा पहिल्या चांगल्या पावसावर बांधावर थेट बी टोकावे. पहिली दोन वर्षे आळ्यातले गवत काढावे. सावलीत रोप तग धरत नाही.

बागेत बाभूळ पायवाटेपासून पाच-सहा मीटर दूर असावी. गळलेला काटा चपलेतून वर येतो आणि सायकलच्या ट्यूबचीही गय करत नाही. विहिरीच्या काठावर मात्र ती असावीच, पाण्यावर झुकलेल्या फांदीला सुगरणी खोपे बांधतात. कुंपणासाठी मीटरभर अंतरावर लावून पावसाळ्यानंतर छाटावी. छाटलेले काटे खिंडारे बुजवायला होतात.

बांधावर पसरट बाभूळ असली तर तिच्याखालची ज्वारी खुरटते, ही तक्रार खरी आहे. तिथे बाभळीचाच रामकाठी हा प्रकार लावावा: फांद्या खोडाला धरून वर जातात, सावली अरुंद पडते. बी मात्र बाजारातून न घेता सरळ वाढलेले झाड हेरून त्याच्याखालून वेचावे.

– एक रोपवाटिकाचालक, सोलापूर