बाई, आधी बोलायला लावलंत म्हणून

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बारावीच्या निकालाचं फोनवर सांगितलंच होतं, पण आभार मानायचे राहून गेले. ते सगळ्यांसमोर मानावेत असं वाटलं. १७ नंबरचा फॉर्म भरून घरून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्या बायका मराठीच्या पेपरला सगळ्यात शेवटी हात लावतात. आपलीच भाषा, तिचा काय अभ्यास, असं म्हणतात. त्यांनीही हे वाचावं.

अंगणवाडीत मदतनीस आहे, सेविका व्हायचं तर बारावी पास पाहिजे, एवढं सांगून मी तुमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसले होते. शिकवणी किती घ्याल असं विचारल्यावर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. युवकभारती हे बारावीचं मराठीचं पुस्तक हातात घेतलंत आणि पहिल्या पानावर पेपरचं गणित मांडून दिलंत. लेखी ८० गुणांची, वेळ ३ तास. गद्य २०, पद्य १६, कथा १०, उपयोजित मराठी १४, व्याकरण आणि लेखन २०. इतकी वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेल्या माणसाकडून हे ऐकताना पहिल्यांदा वाटलं, की हा पेपर आपल्या आवाक्यातला आहे.

पण खरं शिकवणं सुरू झालं ते बोरकरांच्या ‘रे थांब जरा आषाढघना’ या कवितेपासून. रसग्रहण कसं लिहायचं हे मला कळत नव्हतं, म्हणून गाईडमधलं उत्तर पाठ करून आले होते. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे’ इथपर्यंत तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “ह्या वाक्य खंयच्याय कवितेक चलता. पाऊस उघाडलो काय कुणगो कसो दिसता, ता माका सांग.” (हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं. पाऊस उघडला की कुणगा, म्हणजे भाताचं छोटं शेत, कसा दिसतो ते मला सांग.)

मी मालवणीतच सांगायला लागले. लावणी झालेल्या कुणग्यात पाणी कसं साठतं, तरवा, म्हणजे भाताची रोपं, मान टाकून पडलेला असतो तो चार दिवसांत कसा उभा राहतो, बांधावरची तांबडी माती पायाला कशी लागते, उन्हाची तिरीप आली की मागचं चिव्याचं, म्हणजे बांबूचं, बेट निळसर कसं दिसतं. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. माझं झाल्यावर पुस्तक पुढे सरकवलंत आणि एकेका शब्दावर बोट ठेवलंत. शेतं पाचूची, माती प्रवाळाची, वेळूची बेटं इंद्रनीळ. मी जे सांगत होते तेच तिथे होतं, रत्नांच्या रंगात. मग तुम्ही विचारलंत, कवी पावसाला जा म्हणतो की थांब म्हणतो? आणि का? त्यावर मी जे बोलले तेच वहीत उतरवायला लावलंत: पावसानंच जे घडवलंय ते कवीला डोळे भरून बघायचंय, म्हणून तो ढगाला क्षणभर थांबायला सांगतो. रसग्रहणाचं माझं पहिलं वाक्य ते.

त्यानंतर प्रत्येक कवितेला हीच रीत. आधी मालवणीत बोल, मग प्रमाण मराठीत लिही. शाळेत असताना मालवणी तोंडातून आली की वर्ग हसायचा. त्यामुळे लिहिताना माझा हात आखडायचा, आणि पाठ केलेली वाक्यं त्यासाठीच बरी वाटायची. एकनाथांचं ‘विंचू चावला’ शिकवताना तुम्ही म्हणालात, की नाथांनी लोकांच्या तोंडच्याच बोलीत काम-क्रोधाचं विष सांगितलं आणि त्यावरचा उतारा पण सांगितला, मग तुला बोलीची लाज कसली. ते भारूड भजनात किती वेळा ऐकलं होतं, त्यात इतकं काही असेल हे ठाऊक नव्हतं.

उपयोजित मराठीला तर तुम्ही पुस्तक बाजूलाच ठेवायला लावलंत. सप्टेंबरात आमचा पोषण माह असतो, त्याचाच अहवाल लिहून आण म्हणालात. तारीख, ठिकाण, कोण कोण हजर होतं, पाककृतींच्या कार्यक्रमात आयांनी काय काय करून आणलं, किती मुलांची वजनं घेतली. मी सगळं लिहिलं, वर शेवटी कार्यक्रम किती छान झाला तेही लिहिलं. तेवढीच ओळ तुम्ही खोडलीत. अहवालात आपलं कौतुक नसतं, झालं ते आणि ठरलं ते, एवढंच. आता बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, बैठकीचं टिपण मी तसंच लिहिते.

व्याकरणाचं फार सांगत नाही. प्रयोग ओळखताना आधी क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं ते बघायचं, हे एक डोक्यात बसलं आणि बाकीचं सरावानं आलं. घड्याळ लावून लिहायला लावलंत त्याचा मात्र फार उपयोग झाला. निबंधाला शेवटची दहा मिनिटं उरतात आणि तिथेच गुण जातात, हे तुम्ही पेपर तपासताना पाहिलेलं. परीक्षेत निबंधाला पुरेसा वेळ हातात ठेवूनच मी त्या विभागाकडे वळले.

बाई, तुमचे गुडघे दुखायचे, तरी मी फाटकाशी दिसले की तुम्ही उठून खळ्यात यायचात. काका चहा ठेवायचे आणि आमचं बोलणं चालू असेपर्यंत टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

सेविकेच्या जागेसाठी आता अर्ज करणार आहे. शेजारच्या वाडीतल्या मदतनीस ताई यंदा १७ नंबरचा फॉर्म भरतायत. त्यांना माझ्या वह्या दिल्यात, पण कवितांची पानं मुद्दाम काढून घेतलीत. त्या ताई तुमच्याकडे येतील. त्यांनाही आधी बोलायला लावा.

तुमची विद्यार्थिनी,
अंगणवाडी मदतनीस, ता. कुडाळ