वाजणाऱ्या बुटात तेल ओतायला सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, आणि रविवारच्या पुरवणीतले घरगुती उपाय मी कापून वहीत चिकटवून ठेवते, म्हणून हे पत्र रागाने नाही तर हक्काने लिहितेय. मागे त्याच कॉलममध्ये छापून आलं होतं की लेदरचे बूट करकर वाजत असतील तर आत दोन चमचे खोबरेल तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी आवाज बंद. माझ्या मुलाने ते वाचलं आणि तसंच केलं. आवाज तर बंद झाला नाहीच, पण बुटाचं जे झालं ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले. अजून किती घरांत तेल ओतलं गेलं असेल देव जाणे, म्हणून सविस्तर कळवते.

माझा मुलगा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. सकाळी बॅग उचलून निघाला की रात्री नऊला घरी, दिवसभर दवाखाने, नर्सिंग होम, मेडिकल स्टोअर्स. हल्ली सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, त्यावर चालताना उजवा बूट असा काही वाजायचा की वेटिंगमध्ये बसलेले पेशंट वळून बघायचे. आत डॉक्टरसाहेब कुणाला तरी रिपोर्ट समजावून सांगत असतात, अशा वेळी याने पाऊल टाकलं की कुईं. तो बिचारा चवड्यांवर चालायला लागला होता, मग पोटऱ्या दुखायच्या. बूट साडेतीन हजारांचे, चांगल्या लेदरचे, जेमतेम पाच महिने वापरलेले. जुलैमध्ये एका संध्याकाळी राजवाड्याहून येताना धो धो पावसात भिजले आणि त्यानंतरच हा आवाज सुरू झाला. ज्या दुकानातून घेतले तिथे गेला तर म्हणाले, भैया चालत राहा, पंधरा दिवसांत आपोआप जाईल. महिना झाला तरी गेला नाही. मग आपली पुरवणी वाचली आणि तेल ओतलं.

मी घरी शिवणकाम करते, रामबागेत बावीस वर्षं झाली, कापड आणि मशीन एवढंच माझं शिक्षण. पण मशीन वाजायला लागलं की आधी काय करतात ते मला माहितीय. आधी ऐकतात. चाक हाताने हळूहळू फिरवायचं, कुठे आवाज येतो तिथे बोट ठेवायचं, आणि मगच तेल, तेही थेंबभर, आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथेच. कापड जाणाऱ्या जागेवर कुणी तेल ओतत नाही. बूट म्हणजे तर सगळं कापड आणि चामडं, एकावर एक चिकटवलेले थर, त्यात तेल ओतून कसं चालेल?

आता तेलाने काय झालं ते सांगते. खोबरेल तेल आतल्या सोलच्या (आमच्या कोपऱ्यावरचे मोचीकाका त्याला सुखतला म्हणतात) कडेने खाली झिरपलं आणि बाहेर लेदरवर टाचेजवळ हाताएवढा काळपट डाग उमटला, जो पॉलिशने झाकला जात नाही. मोजे रोज तेलकट. रस्त्यावरची धूळ त्यावर बसून चिखलासारखा थर झाला. सगळ्यात वाईट म्हणजे, खालचा सोल सोल्युशनने, म्हणजे मोचीच्या गोंदाने चिकटवलेला असतो तिथपर्यंत तेल पोचलं आणि पुढच्या बाजूला कड सुटायला लागली. मोचीकाकांनी बघूनच मान हलवली, म्हणाले बेटा, तेलकट जागेवर सोल्युशन धरतच नाही, आधी हे तेल काढा मग माझ्याकडे या. आणि आमच्या इंदूरला डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी होते हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? तेच बुटाच्या आत होणार, थरांच्या मध्ये गोठलेलं तेल. मोहरीचं तेल लावा म्हणणारेही आहेत, तर ते आणखी वाईट, ते सुकलं की चिकट होतं आणि वास मरत नाही.

मग मी एका रात्री सगळे झोपल्यावर पंखा बंद करून तो बूट मांडीवर घेऊन बसले. घरात आवाज नको, म्हणजे बारीक आवाज कळतो. आधी टाच धरून दाबली, काही नाही. मग चवड्याकडचा भाग दोन्ही हातांनी वाकवला, जसा चालताना वाकतो तसा, तेव्हा आतून चर्र असा बारीक आवाज आला. आत हात घालून अंगठ्याने सुखतला दाबत दाबत पुढे गेले तर मधोमध, पायाच्या कमानीच्या जरा पुढे, तो वर उचललेला लागला, दाबला की खाली जायचा, सोडला की वर यायचा आणि प्रत्येक वेळी चर्र. पण मुलगा जो कुईं म्हणत होता तो हा नव्हता. मग लेस बांधून तिच्याखालची बुटाची जीभ बोटाने डावी-उजवीकडे हलवली आणि सापडला! जिभेची कड वरच्या लेदरला आतून घासत होती, लेदर कोरडं पडलं होतं, आणि ओढलं की कुईं. म्हणजे एका बुटात दोन वेगळे आवाज होते आणि तेल ओतलं होतं तिसऱ्याच जागी.

हा आवाज येतो कसा तेही मी नीट समजून घेतलं. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर सरळ सरकत नाहीत, जरा अडकतात, मग झटक्यात सुटतात, परत अडकतात, हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं आणि त्याची थरथर आपल्याला कुईं अशी ऐकू येते. दाराची बिजागरी वाजते तीही अशीच. पाण्यात भिजलं की लेदर फुगतं, चिकटवलेलं सुटतं, आणि वाळताना प्रत्येक थर आपापल्या परीने आकसतो, म्हणून आधी चिकटून बसलेले थर सुटे होऊन एकमेकांवर घासायला लागतात. म्हणून भिजल्यावर आवाज सुरू झाला, नुसतं चालून तो जाणार नव्हताच. अगदी नव्या बुटाचा कडकपणाचा आवाज मात्र चालून जातो, दुकानदार बहुतेक त्या हिशोबाने बोलला असेल.

तर उपाय. माझ्या शिवणाच्या डब्यात संगजिऱ्याची पावडर असतेच, तीच खरी कामाची. घरातली साधी टाल्कम पावडर म्हणजे मूळ तेच. पण पावडर ओल्यावर टाकाल तर लगदा होतो, म्हणून आधी बूट पूर्ण सुकले पाहिजेत. आमच्या शेजारी महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधून रिटायर झालेले काका आहेत, त्यांनी सांगितलं की फौजेत भिजलेल्या बुटात रद्दीचे गोळे कोंबतात, दर काही तासांनी बदलतात आणि सावलीत पंख्याखाली ठेवतात, दोन दिवस तरी. उन्हात नाही, गॅसजवळ नाही, हेअर ड्रायरने तर बिलकुल नाही. मे महिन्यातल्या आपल्या माळव्याच्या उन्हात लेदर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पापडासारखं कडक होतं, तडे जातात आणि सोलचं सोल्युशन सुटतं. माझ्याच मोठ्या दिराचे बूट असे गेलेत.

सुकल्यावर सुखतला उचलून बघायचा. निघत असेल तर काढा, खाली कडेकडेने पावडर भुरभुरा, मुठीने आत थोपटा, जास्तीची झटकून टाका आणि सुखतला परत बसवा. चिकटवलेला असेल आणि निघत नसेल तर ओढून फाडू नका, जिथे कड सुटलीय तिथूनच पावडर आत सारा. मी जुन्या टूथब्रशने सारली, पातळ कंगव्यानेही जाते. मग बूट उलटासुलटा वाकवून पावडर थरांच्या मध्ये जाऊ द्या. कितीही टाकली तरी चालते असं नाही, जास्त झाली की पाय घामेजल्यावर आत गोळे होतात, अर्धा चमचा पुरे. कुणीतरी खायचा सोडा सांगतं, तो नका टाकू, लेदर किंचित आंबट असतं, सोडा त्याच्या उलट, वारंवार पडला तर लेदर रुक्ष होतं.

जिभेचं काम वेगळं. जिभेच्या दोन्ही कडांना आणि वरचं लेदर जिथे तिच्यावर टेकतं तिथे आतून लेदर क्रीम किंवा कंडिशनर बोटाने चोळलं, वाटाण्याएवढं. रात्रभर मुरू दिलं, सकाळी फडक्याने पुसलं. ज्यांच्याकडे क्रीम नाही त्यांनी साध्या मेणबत्तीचं टोक कडेवरून दोन-तीनदा फिरवावं, तेही चालतं. जीभ गुळगुळीत आणि फार चकचकीत असेल तर आतल्या बाजूने बारीक पॉलिशपेपर एक-दोनदा हलक्या हाताने फिरवा, आवाज मरतो. पण हे क्रीम, मेण सगळं साध्या लेदरसाठी, मखमलीसारखे जे स्वेड असतात त्यांना लावलंत तर डाग कायमचा.

टाच वाजत असेल तर मात्र बूट हातात घेऊन टाच आणि सोलच्या सांध्यावर दाबून बघा. फट उघडत असेल तर ती पावडरने नाही, सोल्युशननेच बंद होते. आतली धूळ काढायची, काचकागदाने जरा खरबडून घ्यायचं, स्पिरिटने पुसायचं (स्पिरिट बाहेरच्या पॉलिश केलेल्या लेदरला लागू देऊ नका, रंग जातो), मोची वापरतात ते पिवळं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि इथेच सगळे घाई करतात, लगेच नाही चिकटवायचं, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाला चिकटतंय पण लागत नाही असं झालं की घट्ट दाबायचं आणि रात्रभर वर वजन ठेवायचं. मी गव्हाच्या डब्याखाली ठेवला होता. चटकन चिकटणारं ते छोट्या ट्यूबमधलं फेविक्विक वाकणाऱ्या जागी टिकत नाही, सुकून कडक होतं, आठ दिवसांत तडकतं आणि परत वाजतं.

तेलाचं काय केलं ते राहिलंच. डागावर आणि आतही भरपूर पावडर टाकून रात्रभर ठेवायची, सकाळी ब्रशने झाडायची, परत टाकायची. पावडर तेल ओढून घेते आणि पिवळट होते. असं अकरा रात्री केलं. आतला सुखतला फेकून नवीन टाकला, ऐंशी रुपये. मग मोचीकाकांनी पुढची कड चिकटवली आणि दोन टाके मारून दिले. डाग थोडा राहिलाच आहे. मुलगा ते बूट घालून रोज जातो आणि आवाज येत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहावीशी वाटते. माझे आजोबा कोल्हापूरच्या बाजूचे, त्यांच्या पायताणाचा करकर आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजी चूल पेटवायची. तो आवाज कारागीर मुद्दाम काढून देत, त्यात त्याचा हात दिसायचा, आणि वाजत नसेल तर आजोबा परत करायला जायचे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना किती आनंद झाला होता, ती बातमी मी आपल्याच पेपरात वाचली होती. म्हणून मी मुलाला सांगते की आवाज म्हणजे बूट खराब असं नाही, फक्त कुठला आवाज मुद्दाम आहे आणि कुठला थर सुटल्यामुळे आहे ते ओळखता आलं पाहिजे. चांगलं लेदर नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं, आणि आपण एका आवाजापायी ते कचऱ्याच्या गाडीत टाकतो किंवा तेल ओतून संपवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि कधी घरी करू नये तेही छापा. चालताना पायाच्या कमानीखाली टक टक असा कडक आवाज येत असेल आणि बूट मधून जास्तच वाकत असेल तर आतली पट्टी, जी बहुतेक स्टीलची असते, ती सुटली किंवा तुटलीय. ते पावडरचं काम नाही, बूट उघडावा लागतो, सरळ मोचीकडे न्यावा. प्रत्येक मोहल्ल्यात कुणीतरी बसलेलं असतं, त्यांच्याकडे आरी, रापी, फरमा सगळं असतं आणि ते हातात घेतल्या घेतल्या सांगतात की कुठे काय झालंय. आमच्या काकांनी सगळ्या कामाचे एकशे वीस रुपये घेतले, तेही मीच आग्रह केला म्हणून, ते शंभरच मागत होते.

तेव्हा आपल्याला विनंती आहे की त्याच कॉलममध्ये, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तेलाचा उपाय चुकीचा होता असं छापावं आणि त्याऐवजी आधी आवाज शोधा, बूट सावलीत सुकवा, मग पावडर, एवढं तरी द्यावं. जूनच्या आधी छापलंत तर जास्त बरं, कारण पहिल्या पावसात बूट भिजतात आणि दुसऱ्याच आठवड्यात ते वाजायला लागतात.

आपली नम्र,
एक वाचक
रामबाग, इंदूर