पदनामाच्या रकान्यात अडकलेले करिअर

महोदय,

लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळांवर कुणाला बढती मिळाली की अभिनंदनाचा पाऊस पडतो. नाकारलेले अर्ज आणि रखडलेली पगारवाढ क्वचितच दिसते. आपण स्वतःला ताडून पाहतो ते या चाळून घेतलेल्या यादीशी. माणूस आपली कुवत इतरांशी तुलना करून जोखतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते. तेव्हा तुलना शेजारच्या टेबलाशी होई, आता शेकडो ओळखीपाळखीच्यांशी, तीही रोज.

खरी गोम रचनेत आहे. प्रोफाइलमध्ये पदनाम, कंपनी, तारखा यांना ठळक रकाने आहेत; नवख्याला हाताशी धरून शिकवणे किंवा चुकीचा निर्णय वेळीच थांबवणे यांना नाहीत. मग ध्येयही रकान्यात बसेल असेच ठरते: ‘अमुक तंत्र शिकायचे’ऐवजी ‘दोन वर्षांत मॅनेजर’. ओळखी पाचशेपुढे गेल्या की प्रोफाइलवर नुसते ‘५००+’ दिसते. त्यासाठी अनोळखी लोकांना विनंत्या धाडत बसायचे!

नोकरी शोधायला ही स्थळे उपयोगी आहेत, वादच नाही. स्वमूल्यमापन मात्र वेगळ्या कागदावर करावे: दर तिमाहीला काय केले, कोणाला उपयोग झाला, काय फसले आणि का. ते आपल्याच मागच्या तिमाहीशी ताडावे. दुसऱ्याच्या बढतीने नोकरी बदलावीशी वाटलीच, तर त्या पदाच्या तीन-चार जाहिराती काढून रोजच्या जबाबदाऱ्या वाचाव्यात आणि नकोशा कामांवर काट मारावी. निम्म्याहून जास्त ओळी खोडल्या गेल्या, तर अर्ज करू नये.

– एक वाचक