गोदाकाठच्या मुक्कामी कयाक सहली

महोदय,

पैठणच्या खाली गोदावरीतून कयाक (लहान, अरुंद होडी) वल्हवत जाऊन रात्री काठावर झाडांना हॅमॉक (कापडी झोळी) बांधून मुक्काम करू पाहणाऱ्या तरुणांचे मी मनापासून स्वागत करतो. पावसाने चिखल झालेल्या आपल्या काळ्या मातीत तंबू ठोकण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र जायकवाडीतून पाणी सुटले की खाली पात्र झपाट्याने भरते आणि झोपेत ते कळत नाही, म्हणून हॅमॉक पूररेषेच्या वरच बांधावा. झाडही पारखून घ्यावे. वाळूउपशाने दरड खचलेल्या ठिकाणी कडुनिंबाची मुळे उघडी पडलेली असतात आणि असे झाड माणसाच्या वजनाने कलंडू शकते. खोड भक्कम असले तरी साल कापणाऱ्या दोरीऐवजी रुंद पट्टाच वापरावा. जायकवाडीचा जलाशय नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नकोच.

खरी अडचण बंधाऱ्यांची आहे. दरवाजांजवळची ओढ जीवघेणी असल्याने कयाक बरीच आधी काठाला लावून खांद्यावरून पलीकडे न्यावी लागते. जलसंपदा विभागाने प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ठळक फलक व उतरण्याची जागा करावी, आणि विसर्गाची सूचना गावांबरोबर या सहली नेणाऱ्यांनाही मोबाइलवर द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, पैठण