चार हजार आणि चाळीस

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोन ठेवलात तो आवाज अजून कानात आहे. "चार हजारांचे चाळीस! शून्यं कुणी खाल्ली?" नाशिकच्या नोट प्रेसमध्ये तीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाला हा हिशोब फोनवर पटणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचं रक्त वाढवायचं इंजेक्शन बदलायचं मी डॉक्टरांशी बोलून ठरवलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, ते चुकलंच. पण विचारलं असतं तर खर्चाचं नाव काढून तुम्ही नाही म्हणाला असतात. आईला माहीत होतं. तिला काही बोलू नका, मीच शपथ घातली होती.

आता हिशोब. जुनं एरिथ्रोपोएटिन 4000 युनिट, आठवड्यातून तीनदा, म्हणजे 12,000. नवं डार्बेपोएटिन आठवड्यातून एकदाच, 40 मायक्रोग्रॅम. युनिट हे औषधाच्या कामाचं माप, मायक्रोग्रॅम हे वजन. आजी सराफ बाजारात तोळ्यात बोलायची आणि सराफ ग्रॅममध्ये, पाटल्या त्याच असायच्या ना? (इथे पाटल्याही थोड्या बदलल्यात म्हणा.) नव्या औषधाला साखरेच्या दोन साखळ्या जास्त आहेत, त्यामुळे ते रक्तात सुमारे तिप्पट वेळ टिकतं. काम तेच: किडनी रक्त तयार करण्याचा जो निरोप हाडांतल्या मगजाला द्यायची, तो हे औषध देतं. डोस कमी झालेला नाही, बाबा. खरंच नाही.

आणि खरं सांगू? द्वारका चौकातल्या त्या दिवसामुळे ठरवलं. भर पावसात रिक्षा पाऊण तास अडकली, थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं, आणि तुम्ही रात्रभर "औषध वाया गेलं का गं?" विचारत बसलात. पोटावरचे ते निळे डाग आईने मला व्हिडिओ कॉलवर दाखवले, तुम्ही सदरा खाली ओढत होतात. जेलरोडच्या घरून दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे कशाला? आता दर रविवारी सकाळी सिस्टर घरी येतील. पैसे माझ्या खात्यातून जातील. त्यावर वाद नको.

तुम्हाला हिमोग्लोबिन 14 हवंय, तरुणपणीसारखं. तुमचं 10.4 आहे, आणि डॉक्टर साडेअकराच्या पुढे नेणार नाहीत. ही कंजुषी नाही. 2006 सालच्या दोन मोठ्या अभ्यासांत हिमोग्लोबिन 13 च्या वर न्यायचं ठरवलेल्या रुग्णांचा फायदा झाला नाही, एकात तर हृदयाचा त्रास वाढला. 2009 मध्ये याच नव्या औषधाच्या मधुमेहींवरच्या अभ्यासात पक्षाघात जवळपास दुप्पट झाले. तुम्हाला साखर आहे. म्हणून हळूहळूच.

आई, तुझ्यासाठी. इंजेक्शन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दह्याच्या पातेल्यामागे ठेव. बर्फाच्या कप्प्यात नाही, दारातही नाही. आणि खोकल्याच्या औषधासारखं हलवायचं नाही! रोज सकाळी बाबांचं बीपी वहीत लिही. या औषधाने ते वाढू शकतं, तसं झालं तर रविवारची वाट न बघता डॉक्टरांना फोन. लोहाची गोळी चहाबरोबर बिलकुल नाही. शनिवारची मिसळ मी बंद करत नाही, पण पापड आणि लोणचं बाजूला. (बाबा, आई ताट बघते, मी आईने पाठवलेला ताटाचा फोटो बघते.) तपासण्या सिस्टर सांगतील त्या दिवशी, "पुढच्या आठवड्यात बघू" नाही.

लहानपणी मला इंजेक्शन द्यायचं असलं की तुम्ही माझी मान खिडकीकडे वळवायचात आणि तळहातात लिमलेटची गोळी ठेवायचात. रविवारी मी व्हिडिओवर असेन, तुम्ही माझ्याकडे बघा.

गोळी मात्र मिळणार नाही. तुमची साखर पाहिली आहे मी.

तुमची,
मनू