खाणीजवळच्या पोरांचं रक्त कधी तपासणार?

संपादक महोदय,

खाणीचं प्रदूषण म्हटलं की आपल्याकडे झाडं किती तोडली नि रस्त्यावर धूळ किती उडते एवढंच छापून येतं, ती धूळ अंगात जाऊन काय करते ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

शिशाचंच घ्या. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण १० टक्के अंगात मुरतं, लहान मुलांत ४०-५० टक्क्यांपर्यंत, आणि लोह-कॅल्शियम कमी असेल तर अजून जास्त. म्हणजे आधीच कुपोषित पोरगं, ते मातीत खेळणार, तोच हात तोंडात. बाप कामाच्या कपड्यांवरच घरी येतो, ते कपडे सगळ्यांच्या धुण्यात भिजत पडतात, झालं, खाणीत कधी पाऊल न टाकलेल्या बाईलाही डोस मिळाला. मग ते शिसं हाडात जाऊन बसतं ते वर्षानुवर्षं. झांबियातल्या काब्वेची खाण १९९४ ला बंद पडली तरी त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतंय. नायजेरियात झम्फारा भागात लोक सोन्यासाठी घराच्या अंगणात दगड दळायचे, त्यात शिसं होतं, २०१० मध्ये ४०० च्या वर मुलं गेली!!

आता गंमत बघा, शिशाने हिमोग्लोबिन उतरतं. स्लाइडवर लाल पेशीत कधीकधी निळे बारीक ठिपके दिसतात, पण दरवेळी नाही, आणि थॅलेसेमियातही दिसतात, त्यामुळे नुसत्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीवरून, कळत नाही, शिशाची वेगळीच टेस्ट लागते. ती सांगतं कोण? पोरगं पांढरंफटक दिसलं की लोहाच्या नि जंताच्या गोळ्या देऊन मोकळे. गोळ्या चांगल्याच आहेत हो, पण शिसं येतंय कुठून ते तसंच राहतं ना.

आपल्या राज्यात शिशाच्या खाणींचं एवढं नाही, ते राजस्थानात जास्त. आपल्याकडे भंडारा-नागपूरला मँगनीज आहे, त्याची धूळ बरीच वर्षं श्वासातून गेली तर चाल अडखळते, हात थरथरतात, पार्किन्सनसारखं. हे रक्तावरून नीट कळत नाही, तिथे न्यूरोच्या डॉक्टरनेच कामगाराला चालवून बघायला पाहिजे.

पैसे नाहीत म्हणू नका. २०१५ पासून खाण जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के एवढी रक्कम खाणवाले त्यात भरतात आणि आरोग्य हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. सभागृहं बांधा, रस्ते करा, पण जिथे शिशाची खाण किंवा भट्टी आहे तिथल्या शाळेतल्या तपासणीत ही एक टेस्ट घाला की. डब्ल्यूएचओचं २०२१ पासून सांगणं आहे, ५ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा नि बंद करा. आणि जो कोणी सॅम्पल घेईल त्याने आधी पोराचा हात साबणाने धुवावा नि ट्यूब ट्रेस मेटलवालीच, म्हणजे जिच्यात स्वतःचा शिशाचा अंश नसतो अशी, वापरावी, नाहीतर हातावरची धूळच रिपोर्टात येते.

– एक लॅब टेक्निशियन, धायरी, पुणे