कॅप्टन पिकार्डचं ‘स्वप्न’: एक दुरुस्ती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत परवा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या एका जुन्या भागावर आणि तो पाहून रडणाऱ्या चाहत्यांवर एक चुरचुरीत लेख आला. वाचून मला वाईट वाटलं. दोन दिवस थांबलो, म्हटलं जाऊ दे, पण मनातून जाईना, म्हणून हे पत्र. लेखाचा सूर असा, की चाळिशी-पन्नाशीची माणसं रबरी कान लावलेल्या परग्रहवासीयांसाठी डोळे पुसतात, आणि तेही कॅप्टनला पडलेल्या एका लांबलचक स्वप्नापायी. कानांची चूक किरकोळ आहे. त्या गावात एकाचेही कान रबरी नाहीत, सगळे जवळजवळ तुमच्या-माझ्यासारखेच दिसतात. ‘स्वप्न’ हा शब्द मात्र मला सोडून देता येत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे हे पत्र कुणा कॉलेजातल्या मुलाचं नाही हे कळेल. मी चौसष्ट वर्षांचा आहे. एकतीस वर्षं पावसाच्या नोंदी ठेवण्याचं काम केलं. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातली बाटली काढायची, मोजपात्रात पाणी ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि पाण्याची कड नव्हे तर मधला खोलगट तळ जिथे टेकतो तो आकडा वहीत लिहायचा. विज्ञानकथांचं वेड मला कधीच नव्हतं. ते माझ्या मुलाला आहे. त्याची आई गेल्यानंतरच्या वर्षी तो एका रात्री लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “बाबा, एक भाग बघायचाय. एकट्याने नाही बघवत.” पंचेचाळीस मिनिटांचं काहीतरी मोठ्या मुलाला एकट्याने का बघवत नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

तो भाग म्हणजे ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या पाचव्या पर्वातला ‘द इनर लाइट’. अमेरिकेत तो जून १९९२ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथांच्या क्षेत्रात हा पुरस्कार फार मानाचा, आणि त्याच्या ज्या विभागात हा भाग होता, तो सहसा चित्रपटांकडे जायचा.

गोष्ट अशी. एंटरप्राइज या अंतराळयानासमोर एक अनोळखी शोधयान येतं. त्यातून एक किरण निघतो आणि एंटरप्राइजचा कॅप्टन पिकार्ड कोसळतो. शुद्धीवर येतो तो एका साध्या घरात. उशाशी एलीन नावाची बाई बसलेली. ती म्हणते, तू कामिन, मी तुझी बायको, तापात होतास. हे गाव रेसिक, ग्रह कॅटान. पिकार्ड सुरुवातीला चिडतो, पळवाट शोधतो. पाच वर्षं जातात तरी रात्री दुर्बिणीतून आपलं यान शोधत राहतो. मग हळूहळू शोधणं थांबतं. एक बासरी हाती येते, ती तो शिकतो. आधी मुलगी होते, मग मुलगा. जिवलग मित्र बताई वारतो, त्याचंच नाव मुलाला ठेवतात आणि त्या बारशाला कामिन बासरी वाजवतो. (मोठ्या झालेल्या या मुलाचं काम पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट यांच्या सख्ख्या मुलाने, डॅनियलने केलंय. हे मला माझ्या मुलाने मध्येच थांबवून सांगितलं, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज ठीक होता.) पाहता पाहता कामिन नातवंडांचा म्हातारा होतो. जवळजवळ चाळीस वर्षं तो तिथे जगतो. इकडे यानावर मात्र वीस-पंचवीस मिनिटंच गेलेली असतात.

या सगळ्याच्या मागे दुष्काळ आहे. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही, आणि मला तर सर्वांत आधी तोच दिसला. गावाच्या मध्यभागी एक रोपटं लावलंय. प्यायला पाणी पुरत नाही, तरी गाव त्या रोपट्याला पाणी घालतं. कामिन वर्षानुवर्षं माती तपासतो, सूर्याचं निरीक्षण करतो, आकडे लिहून ठेवतो. मग मुलगी मेरिबोर त्याच्या जोडीने तेच करू लागते. एक दिवस तिला कळतं की जमिनीतले जिवाणूदेखील संपलेत, माती मेली आहे. कामिन हे सरकारी अधिकाऱ्याला सांगायला जातो, तर तो हळू आवाजात म्हणतो, आम्हाला ठाऊक आहे. लोक घाबरतील म्हणून आम्ही बोललो नाही.

संपादक महोदय, त्या प्रसंगाला मी ताठ बसलो. दुष्काळाच्या वर्षांत मी ओळीने साठ-साठ दिवस ०.० लिहिलं आहे. कोरड्या बाटलीतही पाहायचं, रिकामं मोजपात्रही डोळ्यांसमोर धरायचं आणि मगच शून्य लिहायचं, असा शिस्तीचा भाग होता. आकडे वर जायचे. ते कुणी वाचतं का, वाचून कुणाला काही वाटतं का, हे नोंद ठेवणाऱ्याला कधीच कळत नाही. कामिनच्या हातातली ती टिपणं पाहिली आणि त्या माणसाला मी परका म्हणू शकलो नाही.

आता एलीनबद्दल. या संसारात एक छोटी कुरबूर आहे. कामिन बूट कुठेही काढून टाकतो आणि ती त्याला ते जागेवर ठेवायला सांगत असते. एलीन मृत्यूशय्येवर असतानाचा प्रसंग आहे. त्यात मोठी भाषणं नाहीत. ती जाता जाता बुटांचीच आठवण करून देते.

माझी पत्नी रोज रात्री अंथरुणावरून विचारायची, “गॅसचा कॉक बंद केलात का?” बत्तीस वर्षं विचारलं. कधीकधी मी वैतागायचो. इस्पितळात शेवटचे दोन दिवस तिला नीट बोलता येत नव्हतं. नाकात नळी होती. त्यात एकदा तिने मला खुणेने जवळ बोलावलं, मी कान तोंडाशी नेला, तर हाच प्रश्न. मी म्हटलं, हो, केला. खरं तर आठवडाभर घरात चूल पेटलीच नव्हती. ती समाधानाने डोळे मिटून पडली. अजूनही मी रात्री उठून कॉकला हात लावून येतो.

एलीनने बुटांचं नाव काढलं आणि माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला. आईच्या दहनाला, पाहुण्यांच्या गर्दीत, सगळं कागदोपत्री करताना तो कुणासमोर रडला नव्हता. त्याच्या पाठीकडे बघताना मला उमगलं की ‘एकट्याने बघवत नाही’ म्हणजे काय. त्याला मला काहीतरी सांगायचं होतं आणि त्यासाठी त्याने हा भाग आणला होता. तुमच्या लेखकाने ज्यांची थट्टा केली, त्या माणसांत माझा मुलगा आहे. त्या रात्रीपासून मीही आहे.

विज्ञानाच्या बाजूने आक्षेप घेणारे असतील, त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. कॅटानचा सूर्य नोव्हा होऊन, म्हणजे एकाएकी भडकून, सगळं भस्म झालं असं दाखवलंय. खरा नोव्हा होण्यासाठी श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेला आकसलेला तारा, आणि त्याच्यावर आपलं द्रव्य ओतणारा जोडीचा तारा लागतो. एकट्या तळपणाऱ्या सूर्याचं असं होत नाही. पण या चुकीमुळे गोष्टीचा कणा मोडत नाही.

तो कणा शेवटी दिसतो आणि तिथेच ‘स्वप्न’ हा शब्द खोटा पडतो. म्हातारा कामिन गावकऱ्यांबरोबर एक अग्निबाण उडताना पाहायला जातो. कसला बाण ते त्याला माहीत नसतं. तिथे मेलेला मित्र आणि मेलेली एलीन, दोघं तरुण रूपात येऊन उभे राहतात. ते सांगतात, हे यान तू आधीच पाहिलंयस, इथे येण्यापूर्वी. आपला ग्रह वाचत नाही हे कळल्यावर या लोकांनी आपली आठवण एका यानात भरून आकाशात सोडली, पुढेमागे कुणाला तरी सापडेल आणि तो आपल्याबद्दल सांगेल या आशेवर. म्हाताऱ्याच्या तोंडावर प्रकाश पडतो आणि त्याला उमजतं की तो कुणीतरी म्हणजे मीच. त्या ग्रहाला संपून हजार वर्षं झालेली असतात.

पिकार्ड यानात जागा होतो. नंतर त्याचा सहकारी रायकर त्याला एक पेटी आणून देतो, शोधयानात सापडलेली. आत बासरी. तो ती छातीशी घट्ट धरतो आणि मग खिडकीपाशी उभा राहून बारशाची ती धून वाजवतो. भाग तिथेच संपतो. स्वप्नातली वस्तू सकाळी हातात राहत नाही. ही राहिली. आयुष्यभर मूलबाळ, घरदार नको म्हटलेल्या माणसाला ते सगळं एकदम मिळालं आणि एकदम गेलं, आणि त्या सगळ्याची साक्ष द्यायला आता तो एकटाच उरला. चाहते रडतात ते या ठिकाणी. पडलेलं स्वप्न मोडलं म्हणून कुणी तीस-तीस वर्षं रडत नाही.

लेखक मॉर्गन गेंडेल यांना ही कल्पना जाहिरातीचा हवाई फुगा पाहून सुचली, असं त्यांनीच सांगितलंय. जाहिरात डोळ्यांना दाखवण्याऐवजी थेट माणसाच्या डोक्यातच सोडली तर? इतक्या साध्या गोष्टीतून हे निघालं. बासरीची धून जे चॅटवे यांची. लोक ती लग्नांत वाजवतात, वडिलांच्या शोकसभेत वाजवतात, मुलं हौसेने शिकतात. ती बासरी २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात आली. हजार डॉलरच्या आसपास अंदाज धरला होता, विकली गेली ४८,००० डॉलरला. आणि ती वाजतही नाही, नुसती चित्रीकरणाची वस्तू आहे. यावर कुणी हसेल. मी मात्र घरात पडून राहिलेल्या एका चष्म्याच्या डबीला कुणाला हात लावू देत नाही, त्यामुळे मला ते पैसे समजतात.

आणि हे सगळं कल्पनेतलंच आहे असंही नाही. अमेरिकेचं व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला पृथ्वीवरून निघालं. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यांत आपली मराठीही, आणि जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे. त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. यान निघालं आणि अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांची, हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. जवळपास चाळीस हजार वर्षांनी ते एका लहानशा ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून जाईल. तिथे कुणी असेल की नाही, कोण जाणे. कामिनची बासरी आणि बाईंचा तो स्वर यांत मला तरी फरक करता येत नाही. मुलाने त्या रात्री भाग संपल्यावर ती भैरवी लावली. दोघंही काही बोललो नाही. मग तो उठला आणि माझ्याआधी जाऊन गॅसचा कॉक बघून आला.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी जागा झाली तर ‘स्वप्न’ या शब्दाची दुरुस्ती छापावी. आणि लेखकाने तो भाग एकदा पूर्ण पाहावा. शक्य तर पाहताना घरातलं कुणीतरी शेजारी असू द्यावं.

आपला,
पावसाच्या नोंदी ठेवणारा एक निवृत्त कर्मचारी